हात वर होईपर्यंत

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला आमच्या मागच्या खोलीतून टपटप असा आवाज येतो. घरी नवीन पाहुणा आलेला असला तर तो म्हणतो, "नळ गळतोय वाटतं." मी म्हणते, "हो, गळतोय." कुणाकुणाला सांगत बसायचं? तो नळ नसतो. माझा धाकटा भाऊ मिलिंद सॅक्सोफोन वाजवत असतो. फुंकत नाही. नुसती बोटं चालतात, आणि कळांच्या खाली असतात त्या चामड्याच्या बारक्या गाद्या पितळेवर आपटतात, त्याचा तो आवाज. अख्खीच्या अख्खी गाणी तो अशी वाजवतो. आता मला ती नुसत्या टपटपीवरून ओळखू येतात. लग्नातलं कुठलं, मिरवणुकीतलं कुठलं, आणि त्याचं स्वतःचं कुठलं, हेसुद्धा. शाळेत पोरांचे पाढे ऐकण्यात माझा जन्म गेला, म्हातारपणी हे ऐकणं नशिबी आलं. तक्रार नाही. पण त्या वेळेला घरात एकटीनं बसवत नाही, हे खरं आहे. मग मी उगाच भांडी वाजवते.

घर तेच आहे, कोल्हापुरातलं, रेल्वे फाटकापलीकडच्या गल्लीतलं. पुढच्या खोलीत तेव्हा आण्णांचा बँड असायचा. आण्णा म्हणजे आमचे वडील, बँडचे मास्तर. भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांना लाल कोट. त्यांच्या सोनेरी दोऱ्या पंख्याच्या वाऱ्यानं हलत राहायच्या. दुपारी डोळा लागलेला असताना मध्येच जाग आली तर वाटायचं, खोलीत माणसं उभी आहेत आणि त्यांना डोकी नाहीत. कोपऱ्यात ढोल, त्यावर झोपलेलं मांजर. आई परसात बसून चिंचेनं आणि राखेनं ट्रम्पेट घासायची. माझ्या लहानपणाचा वास कुठला म्हणून कुणी विचारलं तर मी आंबट पितळेचा म्हणून सांगेन. लग्नसराईत घरी बुंदी यायची, मठ्ठा यायचा, गार पडलेल्या पुऱ्या यायच्या. त्या पुऱ्या आई दुसऱ्या दिवशी तव्यावर परतून तिखटमीठ लावून द्यायची. आषाढ लागला की लोकांचे मुहूर्त संपायचे, आणि लोकांचे मुहूर्त संपले की आमच्या चुलीचे संपायचे. मग अंबाडीची भाजी आणि भाकरी, भाकरी आणि अंबाडीची भाजी.

आमचे आजोबा हातकणंगल्याकडच्या एका खेड्यात गावकीची हलगी वाजवायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी ती हलगी नदीला सोडली आणि पुन्हा कुणाच्या दारात वाजवायचं नाही म्हणून घरात शपथ घातली. आणि त्यांच्याच मुलानं, म्हणजे आण्णांनी, शहरात येऊन बँड काढला! गल्लीतली जुनी माणसं आण्णांना तोंडावर सुनवायची, "बानं सोडलं, लेकानं पुन्यांदा धरलं." आण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. "हलगी हुकमाची हुती. ह्यो बँड ठरवून वाजतो. लोकं घरी बोलवाय येत्यात, सुपारी हातात देत्यात, आनि पंगतीला मांडीला मांडी लावून बसवत्यात. न्हाय बसवलं तर वाजा पेटीत!" आणि ते नुसतं बोलायचे नाहीत. एकदा एका मोठ्या घरच्या लग्नात बँडवाल्यांची पानं गोठ्याकडं मांडलेली दिसली, तर आण्णांनी नवरदेव घोड्यावर बसलेला असताना सगळ्यांना कोट काढायला लावले. पंगत मांडवात आली, तेव्हाच कोट अंगात गेले.

आण्णांचा आणखी एक नियम होता, आणि या प्रकरणात मला खरं तर तोच सांगायचा आहे. वाजत निघालेलं वाजतच पोचवायचं. वरात असो, मिरवणूक असो, मयत असो; एकदा दारातून सूर उचलला की मुक्कामाला पोचेपर्यंत बँड थांबायचा नाही. दमलेल्यानं दम खावा, पण कुणीतरी एकानं तरी वाजवत राहायचं. आणि थांबायचं ते फक्त मास्तरचा उजवा हात वर गेला की. पन्हाळ्याच्या वाटेवर एकदा वरातीवर गारा पडल्या. वऱ्हाड ट्रकाखाली शिरलं, करवल्या कुणाच्या तरी ओसरीला पळाल्या, आणि रस्त्यात उरले कोण, तर घोडा, घोड्यावरून उतरता न आलेला नवरदेव आणि आमचा बँड. डोक्यावर ताडताड गारा आणि आण्णांचा ट्रम्पेट चालूच. ही गोष्ट आम्ही पोट धरून हसत ऐकायचो. सगळ्यांत जास्त मिलिंद हसायचा.

मिलिंद माझ्यापेक्षा बराच लहान. मला अक्का म्हणायचा, अजून म्हणतो. मिसरूड फुटायच्या आत तो बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायला लागला. तोंडात कायम वेताची पत्ती. सॅक्सोफोनच्या तोंडाला बांधतात ती पत्ती ओली असावी लागते, म्हणून हा ती चघळत घरभर फिरायचा. आई ओरडायची, "थुक की ती काडी! भाकरी खाणारायस का काडी?" तो पत्ती गालात सरकवायचा आणि दुसऱ्या गालानं भाकरी खायचा.

एकदा कळेची गादी फाटली म्हणून आण्णांनी त्याला आंतोन मास्तरांकडं पाठवलं. हे मूळचे गोव्याचे. कोल्हापुरात सिनेमे बनायचे त्या काळात वाजवायला आले आणि इथंच राहिले. चर्चच्या मागं एका खोलीत वाद्यं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडं जुन्या रेकॉर्डी होत्या. गादी बदलेपर्यंत ऐकत बस म्हणून त्यांनी एक लावून दिली, आणि आमचं पोरगं संध्याकाळपर्यंत तिथून हललंच नाही. घरी आला तो भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसला. म्हणाला, "अक्का, ती लोकं गाणं वाजवतच न्हाईत गं. गाण्याच्या भवतीनं फिरत्यात."

"म्हंजे काय?"

"म्हंजे बघ. जोतिबाला सगळीच जात्यात. कोण रस्त्यानं जातंय, कोण पायऱ्यांनी, कोण रानातनं काटं तुडवत. दारात सगळी एकच. पन रानातनं गेलेल्याला काय काय दिसतंय, ते वाजवत्यात ती."

त्या संगीताला जॅझ म्हणतात हे मला नंतर कळलं. त्यानं ते इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं होतं की पुढं मी वर्गात पोरांना निबंध कसा लिहायचा हे सांगताना तीच जोतिबाची वाट वापरायचे.

पुढची काही वर्षं तो रोज आंतोन मास्तरांकडं जायचा. वाजवणं असं झालं की गल्लीतल्या बायका नळावर घागर भरून वाहायला लागली तरी ऐकत उभ्या राहायच्या. बँडमध्ये मात्र त्याचं हे फिरणं चालायचं नाही. एका लग्नात पाठवणीचं गाणं वाजवताना हा असा काही रानात शिरला की नवरीची आई रडायची थांबली आणि पदर तोंडाजवळ तसाच धरून त्याच्याकडं बघत राहिली. आण्णा घरी येऊन कडाडले, "बायकांस्नी रडाय गाणं लागतंय, आनि तू कोडं घालालास व्हय रं?" पण एका रविवारी मी चर्चवरून येत होते तेव्हा पाहिलं, आण्णा मास्तरांच्या खोलीबाहेर भिंतीला पाठ लावून उभे होते. आत मिलिंद वाजवत होता. आण्णांचे डोळे मिटलेले होते आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर चालली होती. मला बघून म्हणाले, "चप्पल तुटली म्हनून थांबलोय." चप्पल चांगली होती.

मास्तरांचा पुतण्या मुंबईत जॅझ वाजवायचा. त्याचा एक छोटा ताफा होता, तिघांचा. मास्तरांनी मिलिंदला दोनदा तिकडं पाठवलं. दुसऱ्यांदा शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला, हा मुलगा आम्हाला कायमचा द्या. हिवाळ्यात परदेशात वाजवायला जायचं आहे, तोवर सगळं बसवून होईल. त्या दिवशी आईनं पुरण घातलं. आण्णा म्हणाले, "जा. पन येवडी जयंती वाजीव आनि जा."

गल्लीच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला आमचा बँड दर वर्षी पुढं असायचा, आणि त्या वाजवण्याची सुपारी आण्णा कधी घेत नसत. गल्लीतल्या त्या जुन्या माणसांना त्यांचं तेच खरं उत्तर होतं, असं मला आता वाटतं. पण त्या वर्षी मंडळाच्या पोरांनी साउंडची भिंत ठरवली. नवीनच खूळ आलेलं होतं ते. ट्रकवर एकावर एक कर्णे रचायचे, आणि असा आवाज काढायचा की छाती थरथरली पाहिजे. मंडळाचा बबन सांगायला आला. "आण्णा, तुमी पुढं वाजवायचं, भिंत मागनं. बँडची शोभा हायच की."

"शोभा?" आण्णा म्हणाले.

आईनं बबनला चहा दिला, तो त्यानं उभ्यानंच संपवला. तो गेल्यावर आई म्हणाली, "औंदा ऱ्हाऊ दे न्हवं." आण्णांनी कोट खुंटीवरून काढला आणि झटकला. "बँडाशिवाय जयंती निघाली, असं माझ्या जित्तेपनी हुनार न्हाय."

मिरवणूक निघाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बायका पांढऱ्या साड्या नेसून कडेनं चालल्या होत्या, मी आणि आईही होतो. गल्लीच्या तोंडाशी बँडनं सूर उचलला आणि मागं भिंत सुरू झाली. मला तो आवाज कानानं ऐकल्याचं आठवतच नाही. दातांत आणि पोटात आठवतो. दुकानांच्या काचा हलत होत्या. थोडं पुढं गेल्यावर खुळखुळेवाला पोर कानांवर हात ठेवून गर्दीत शिरला. मग ढोल गेले. आपलाच ढोल आपल्याला ऐकू येत नाही तर बडवायचा कशाला? मग क्लॅरोनेटवाले. बिंदू चौकापर्यंत आण्णांचा ट्रम्पेट टिकला. तिथं त्यांचे ओठ फुटले, त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला. उरला एकटा मिलिंद. मागून गर्दीच्या रेट्यानं ट्रक सरकत सरकत त्याच्या पाठीला लागलेला. कर्णे त्याच्या डोक्याएवढ्या उंचीवर. आणि तो वाजवत होता. गालाच्या शिरा तटतटून फुगलेल्या, बोटं सपासप चाललेली, आणि आवाज काहीही नाही. त्या दिवशी मी माझ्या भावाचं वाजवणं पहिल्यांदा नुसतं बघितलं. काय वाजवत होता, कोण जाणे. कुणीच ऐकलं नाही. त्यानंसुद्धा नाही.

आई पाण्याचा तांब्या घेऊन गर्दीतून आण्णांपर्यंत पोचली. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलेलं मला ओठांवरून कळलं. "हात वर करा! अवो, पोराला थांबवा, हात वर करा!" मिलिंद चालता चालता आण्णांकडंच बघत होता. वाट बघत होता. मी आण्णांचा उजवा हात बघत होते. तो कोटाच्या बटणापर्यंत आला आणि तिथंच राहिला. चौकातून गल्लीपर्यंतचा तो अख्खा रस्ता तो हात बटणावरच होता. पोरगा वाजवत आला. जयंती वाजत घरी पोचली, आणि मग आण्णांनी हात वर केला.

मिलिंद ओट्यावर बसला. भिंत बंद झाली होती, पोरं वायरी गुंडाळत होती. आईनं त्याच्यापुढं सरबत ठेवलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "कोन शिट्टी मारालंय?"

कुणीच मारत नव्हतं. सकाळी उठल्यावर त्यानं पुन्हा विचारलं, "अजून मारालंय की गं. कोन हाय त्यो?" तेव्हा आईनं तोंडात पदर कोंबला.

डॉक्टरांनी कानात बघितलं, यंत्र लावलं आणि सांगितलं, आतली नस गेली आहे. ऐकू कमी येणार, आणि ही शिट्टी राहील. किती दिवस राहील म्हणून आण्णांनी विचारलं. डॉक्टर लिहीत राहिले.

तरी मिलिंद मुंबईला गेला. जाऊ नको असं म्हणायची कुणाची छाती होती? काही दिवसांनी परत आला, मास्तरांचा पुतण्या स्वतः पोचवायला आला होता. फार सभ्य माणूस, जेवताना सारखा पाणी प्यायचा. तो गेल्यावर मिलिंद मला म्हणाला, "ती तिघं, चौथा मी. आनि कानात पाचवा. अक्का, मी त्या पाचव्याच्या सुरात वाजिवलो गं. तो त्यांस्नी ऐकूच येत न्हाय." एवढंच. पुन्हा त्यानं मुंबईचं नाव काढलं नाही. त्याच्या वाजवण्याची एखादी कॅसेट असेल म्हणून लोक मला अजून विचारतात. नाही. पुढं करू म्हणत राहिलो आम्ही.

त्यानंतरचं आमचं घर कसं सांगू? कुणी भांडलं नाही, कुणी काही फोडलं नाही. आई आण्णांना ताट वाढायची, गरम भाकरी वाढायची, पण त्यांचा ट्रम्पेट घासणं तिनं बंद केलं. तो हळूहळू काळा पडला. लग्नांतही भिंती आल्या, बँड मोडला, कोट खुंट्यांवर तसेच लटकत राहिले. मिलिंद तालमीजवळच्या एका दुकानात कामाला लागला. गिऱ्हाईक काय मागतंय ते ओठांकडं बघून ओळखायचा. आणि आण्णांना एक सवय लागली. ओट्यावर बसलेले असले, चहा पीत असले की मध्येच त्यांचा उजवा हात वर जायचा. सरळ डोक्याच्या वर. क्षणभर तिथं राहायचा, मग आपलाच हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा ते त्याच्याकडं बघायचे आणि खाली घ्यायचे. गल्लीतली लहान पोरं समजायची, आजोबा आपल्याला बोलावतात. ती धावत यायची. एकदाच मी धीर करून विचारलं, "आण्णा, त्या दिवशी का नाही केलात?" ते म्हणाले, "केला असता तर जयंती भिंतीनं नेली असती, पोरी." आणि थोड्या वेळानं, "तरी नेलीच की."

आण्णा गेले तेव्हा मी सासरहून आले. अंगणात माणसं जमली होती. बबनही होता, आता टक्कल पडलेला, तिरडी बांधत होता. तिरडी उचलायची वेळ झाली, आणि मिलिंद आतून लाल कोट घालून आला. गळ्यात सॅक्सोफोन. मुंबईहून आल्यापासून इतक्या वर्षांत त्यानं तो फुंकला नव्हता. दारातच त्यानं सूर उचलला.

मला संगीतातलं कळत नाही. पण ते मला कळलं. एकच सूर होता, उंच, बारीक, हलत नसलेला. तो सोडून तो खाली यायचा, कुठल्या कुठं फिरायचा, पाठवणीच्या गाण्यात शिरायचा, मिरवणुकीच्या गाण्यात शिरायचा, आणि पुन्हा त्याच सुराशी येऊन उभा राहायचा. इतकी वर्षं त्याच्या एकट्याच्या कानात जे चाललं होतं, ते त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ऐकलं. रस्त्यावरची वाहनं थांबली. मला सांगायला लाज वाटत नाही, मला त्याची भीती वाटली.

पंचगंगेवर पोचलो. आमच्यात बायकाही स्मशानात जातात. सरण रचलेलं होतं, भन्ते वंदना घ्यायला उभे राहिले. मिलिंद थांबेना. बबननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थांबेना. कुणीतरी म्हणालं, "डोक्यावर परिनाम झालाय, धरा त्याला." तो आण्णांच्या देहाकडं बघत वाजवत होता, आणि मला एकदम ते डोळे ओळखू आले. बिंदू चौकातले होते. माझ्याही आधी ते आईला कळलं असावं. ती माझा दंड धरून म्हणाली, "सुजाता, हात वर कर. मास्तर गेला, आता कोन करणार? कर गं हात वर!"

मी केला. उजवा, सरळ डोक्याच्या वर.

तो थांबला. नदीवर इतकं शांत झालं की सरणाच्या लाकडावरून मुंग्या पळत होत्या त्यांचाही आवाज येईल असं वाटलं. मग वंदना झाली.

त्या दिवसानंतर त्यानं पुन्हा फुंकलं नाही. आई गेली, मी निवृत्त होऊन या घरात राहायला आले, आणि संध्याकाळची ही टपटप माझ्या वाट्याला आली. स्वयंपाक झाला की मी मागच्या खोलीच्या दारात जाते आणि हात वर करते. तो थांबतो, सॅक्सोफोन पुसून पेटीत ठेवतो. मध्यंतरी माझा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. बटणापर्यंत यायचा आणि तिथंच थांबायचा. मी दारात तशी उभी, आणि तो माझ्या हाताकडं बघतोय, बोटं चाललेली. मी डाव्या हातानं उजवा मनगटाला धरून वर ढकलला, दुखलं ते दुखू दे.

तो थांबला. ताटावर बसल्यावर मी त्याच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन विचारलं, जे इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "मिल्या, मी हात वर केल्यावर ती शिट्टीपण थांबती का रं?"

त्यानं भाकरी मोडली. कालवणात बुडवली. लहान मुलाला समजवावं तसं माझ्याकडं बघून हसला.

"ती कशी थांबंल?" म्हणाला. "अजून पोचलं कुठं, अक्का?"